घण कसा आहे?

४ मार्च

ताई,

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. फोन कानाला लावला की माणसाच्या आवाजाच्या जागी मला नुसती किटलीची शिट्टी ऐकू येते. चाळीस वर्षं स्पीकरच्या तोंडाशी उभं राहिल्याचं बक्षीस! म्हणून हे पत्र. अक्षर लागलं नाही तर दाजींसमोर धर, त्यांना माझं अक्षर कळायचं.

दौरा चालू आहे. या गावातलं हॉटेल असं की गालिच्याला कुणाच्या तरी पायांचा वास येतो आणि खिडकी उघडत नाही. डरकाळ्यानं आपले घामट कपडे माझ्याच खोलीत वाळत घातलेत. आमचा गायक आता साठीचा झाला, पण चाहत्यांसमोर अजून छाती उघडी टाकून फिरतो. केस कपाळपट्टीला शिवलेले आहेत. पट्टी काढली की आत उकडलेलं अंडं.

यंदा बँडला चाळीस वर्षं झाली म्हणून मॅनेजरनं नवं पिल्लू सोडलंय. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी, महागडं तिकीट काढलेले लोक एका हॉलमध्ये बसतात आणि आम्हाला प्रश्न विचारतात. ताई, काय प्रश्न गं ते! "स्टेजवर जिवंत उंदीर चावला होतात, चव कशी होती?" तो उंदीर म्हणजे मोज्यात भरलेला जॅम होता, तूच शिवून दिला होतास. पण डरकाळ्या दात विचकून म्हणतो, "शेपूट अजून दाढेत अडकलंय." लोक खिदळतात. "बँडचं नाव भट्टी कसं पडलं?" बंद पडलेल्या बेकरीत सराव करायचो आणि केसांत पीठ घेऊन घरी यायचो, हे कोण सांगणार? हा म्हणतो, स्वप्नात नरकाचं दार दिसलं. काल एकानं मला विचारलं, "तुम्ही मेल्यावर तुमचा डावा हात मला मिळेल का?" आणि हसला नाही गं तो. उत्तराची वाट बघत उभा राहिला.

मला ओकारी येते या सगळ्याची. पण गिटार सोडून दुसरं काय येतं मला?

एक प्रश्न मात्र रोज येतो. "घण कसा आहे?" दाजींना अजून कुणी विसरलेलं नाही. असा ड्रमर पुन्हा झाला नाही, म्हणतात. डरकाळ्या काहीतरी बरं उत्तर देतो आणि सगळा हॉल टाळ्या वाजवतो. दाजींना सांग एवढं.

तुझा
धाकटा

१५ मार्च

धाकट्या,

पत्र पोचलं, डोळे भरून वाचलं आणि नाक धरूनही वाचलं. त्या गायकाचे कपडे बाहेर फेक आधी.

तू दोन वर्षांत फिरकला नाहीस, म्हणून इथलं सांगते. ह्यांची उजवी बाजू होती तशीच आहे, म्हणजे नाहीच आहे. बोलणं एका शब्दावर आलंय. "चल." भूक लागली तरी चल, दुखलं तरी चल, मी रडले तरी चल. सुरावरून मी ओळखते. सगळं कुस्करून भरवावं लागतं. लघवीची पिशवी कायमची लागली. खिडकीसमोर गाड्या धुण्याचं दुकान निघालंय, ते बघत दिवस काढतात. पाण्याचा फवारा सुरू झाला की चेहरा कसा उजळतो! गाणं मात्र नको. रेडिओवर ड्रम वाजले की चमचा भिरकावतात. मी पलंगाशेजारीच मशीन टाकलंय. पडदे शिवते, पँटी आखूड करते. गिऱ्हाईक दारातूनच कपडे देतं, वासामुळे.

आता खरी गोष्ट. तुमच्या मॅनेजरचा फोन आला होता! मागोमाग फळांची टोपली. तुमचा शेवटचा कार्यक्रम आमच्या गावात आहे ना, त्या दिवशी दुपारी ह्यांना स्टेजवर आणायचं म्हणतात. चाहत्यांना फक्त डोळे भरून बघायचंय म्हणे. गाडी पाठवतील, नर्स देतील. मला माहितीय, हे तूच सुचवलंस. तोंडानं सांगितलं नाहीस, लहानपणापासून तसाच. सहा वर्षांत ह्यांना कुणी कुठे बोलावलं नव्हतं रे. डॉक्टर सोडून.

मी हो म्हटलंय. ह्यांचं जुनं कातडी जाकीट काढलं, उजवी बाही पूर्ण उसवली, आतून चेन लावली, म्हणजे हात न वाकवता घालता येईल. घालून बघितलं तर म्हणाले, "चल!" हा सूर मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

ताई

२७ मार्च

ताई,

फळांची टोपली माझी नाही आणि कल्पनाही माझी नाही. श्रेय मला देऊ नकोस.

मी काय म्हणतो, नीट विचार कर. हॉलमध्ये फार उकडतं. दिवे डोळ्यांत जातात. दाजींना त्रास होईल. तुलाही. एवढी दगदग कशासाठी? मी दौरा संपला की घरीच येतो, तेव्हा बसू निवांत.

इथं तेच चाललंय. डरकाळ्याला वरची पट्टी लागत नाही, म्हणून त्याच्या किंकाळ्या आता मशीनमधून सोडतात. हा फक्त तोंड वासतो. परवा मशीन अडकलं आणि याचं तोंड मिटल्यावरही किंकाळी चालूच राहिली. लोकांना वाटलं चमत्कार! दुसऱ्या दिवशी प्रश्न आला, "तोंड मिटून किंकाळी कशी मारता?" हा म्हणाला, "पोटातून." मी बाजूला बसून होतो. मूग गिळून गिळून माझ्या पोटात आता शेत उगवेल.

खरंच विचार कर.

धाकटा

९ एप्रिल

धाकट्या,

स्पष्ट विचारते. तुला दाजींची लाज वाटते का?

उकडतं काय, दिवे काय! उकाड्यात चौतीस वर्षं घण घातले त्यांनी. सरळ सांग ना, की लाळ गळणारा माणूस तुला तुझ्या लोकांसमोर नको आहे. तुला हेवी मेटलच्या गोष्टी सांगत बेकरीत कोण घेऊन गेलं? पहिली गिटार कुणी आणून दिली? त्या वेळी ते माझे कुणी नव्हते, तुझेच दोस्त होते. तुझ्यामुळे माझ्या घरात आले. आणि आता निवांत बसू म्हणे. दोन वर्षांत निवांतपणा मिळाला नाही वाटतं?

परवा मॅनेजरची माणसं फोटो काढायला आली होती. तेही मला फारसं रुचलं नाही, खोटं कशाला बोलू. ह्यांच्या बोटांत कवट्यांच्या अंगठ्या घातल्या. सुजलेली बोटं, एक निघेना, शेवटी साबण लावून मी काढली. लघवीच्या पिशवीवर काळं फडकं टाकलं. मला म्हणाले, "काकू, जरा फोटोच्या बाहेर." माझ्याच घरात मी दारामागे उभी! एकजण नाकाला रुमाल लावून होता. पण हे खुशीत होते, एकसारखं चल चल चाललं होतं, म्हणून मी ओठ शिवून घेतले.

आम्ही येणार. तुला लाज वाटली तर दुसरीकडे बघ.

ताई

२० एप्रिल

ताई,

लाज वाटते. दाजींची नाही. आता सगळं सांगतो, आणि वाचून झालं की मला हव्या त्या शिव्या दे.

"घण कसा आहे" याचं डरकाळ्या काय उत्तर देतो, ते मी तुला सांगितलं नव्हतं. तो म्हणतो, घण डोंगरात एकटा राहतो. रोज पहाटे दगडांवर हातोडे मारून सराव करतो. आजार त्यानं चावून थुंकला. चाळिसाव्या वर्षी तो भट्टीत परत येणार. रोज थोडं वाढवतो. मागच्या गावात अस्वल आलं होतं गोष्टीत. आणि मी रोज शेजारच्या खुर्चीत बसून मान हलवतो.

तिकिटं कधीच विकून झाली आहेत. तुला विचारायच्या आधीच. "घणाला विचारा" असं छापलंय त्यांच्यावर, आणि तेच सगळ्यात महाग तिकीट आहे.

दाजी बोलू शकत नाहीत, मग विचारणार काय, असं मला वाटायचं. काल कळलं. साउंडवाल्यानं दाजींच्या जुन्या मुलाखती कॉम्प्युटरला ऐकवून त्यांचा आवाज तयार करून घेतलाय. आपण जे टाईप करू ते दाजींच्या आवाजात बोलतं. तिशीतला, खणखणीत. दाजींना अर्ध्या अंधारात बसवणार, तोंडासमोर माईक धरणार आणि उत्तर स्पीकरमधून येणार. मला नमुना ऐकवला. माझ्या फुटक्या कानांनाही ओळखू आला गं. "दोस्तांनो, मी परत आलोय." अंगावर पाल पडावी तसं झालं. मॅनेजर मला विचारत होता, "कसं वाटतं?" मी म्हटलं, "आवाज स्वच्छ आहे." एवढंच म्हटलं मी.

येऊ नकोस. काहीही कारण सांग. ताप आला म्हण.

धाकटा

१२ मे

धाकट्या,

तुझं पत्र वेळेवर मिळालं होतं. मी मॅनेजरला लगेच फोन केला आणि म्हटलं, आम्ही येत नाही. तो जराही चिडला नाही. म्हणाला, "हरकत नाही काकू. तसाच बांधा असलेला एकजण आहे आमच्याकडे. केस चेहऱ्यावर सोडले की काम होईल. तुम्ही फक्त जाकीट पाठवा."

म्हणून गेले. माझ्या नवऱ्याचं सोंग दुसरा कुणी काढणार आणि मी घरी बसून पडदे शिवणार? मनात ठरवलं होतं, तिथं पोचल्यावर सगळ्यांदेखत सांगायचं. पण मला पायऱ्यांपाशी थांबवलं आणि नर्स ह्यांची खुर्ची घेऊन पुढे गेली. नर्स कसली, पांढरा कोट घातलेली तिकीट तपासणारी होती ती.

तू मागे गिटार घेऊन उभा होतास, कानांत बोळे घालून. तुला ऐकू गेलं नसेल, म्हणून काय झालं ते ऐक.

पहिला उठला तो पोटरीवर ह्यांचा चेहरा गोंदवलेला माणूस. रडवेला झाला होता. "घण, परत कधी वाजवणार?" स्पीकरमधून ह्यांचा आवाज आला, "लवकरच. भट्टी विझत नसते." काय तो गोंगाट! भिंती पडतील असं वाटलं. आणि हे, धाकट्या, हे मान वळवून शोधायला लागले. कोण बोललं? डावीकडे बघितलं, मागे बघायचा प्रयत्न केला. मग आपल्याच तोंडाला हात लावून पाहिला. मी इतक्या वर्षांत ह्यांची सगळी घाण काढली, कधी नाक मुरडलं नाही. पण ते बघून मला भडभडून आलं. पायरीवर बसले.

दुसरी उठली ती एक बाई. बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारी क्रेन चालवते ती, हे मला नंतर कळलं. हाताला काळं तेल, अंगात तुमच्या बँडचा विटलेला टी-शर्ट. माईक घेऊन म्हणाली, "माझा प्रश्न घणाला नाही, वर बसलेल्या बाकीच्यांना आहे. ह्यांची लाळ गळतेय आणि ओठ हलत नाहीयेत. ही लाळ पुसणार कोण?"

तुझा डरकाळ्या हसून म्हणाला, "घण असाच गळतो, ज्वालामुखी आहे तो!" तिकडे साउंडवाला गडबडला असावा, त्यानं कुठलं तरी बटण दाबलं. ह्यांचा आवाज गरजला, "आभारी आहे दोस्तांनो! अजून जोरात!"

काही लोक हसले. काही ओरडले, "जोरात! जोरात!"

मी वर गेले. तिकीटवालीनं दंड धरला, मी तिला कोपर मारलं. ह्यांचं तोंड माझ्या पदरानं पुसलं. डोळ्यांत मरणाची भीती होती आणि ओल पार खुर्चीच्या चाकांपर्यंत आली होती, पिशवी निसटली होती. मी मागे वळून तुझ्याकडे बघितलं. वाटलं, आता धाकटा गिटार खाली ठेवील. येईल, एका बाजूनं खुर्चीला हात लावील.

आणि तू वाजवायला लागलास.

आम्ही त्या आवाजातून बाहेर पडलो. ह्यांनी एक कान हातानं झाकला होता. दुसरा झाकायला दुसरा हात नाही. तो मी झाकला. मागून कुणीतरी खुर्ची ढकलत होतं, बघते तर ती क्रेनवाली.

शिव्या दे म्हणाला होतास. शिवी द्यायला आपलेपणा लागतो. मला फक्त किळस आली.

ताई

२ जून

ताई,

चार वेळा लिहायला बसलो. सारवासारव करत नाही. काय झालं ते सांगतो.

क्रेनवालीचा प्रश्न मला ऐकू आला नव्हता, हे खरं आहे. पण तू दाजींचं तोंड पुसताना मला दिसलीस. मॅनेजरनं विंगेतून हात फिरवला, वाजव. आणि माझी बोटं सुरू झाली. कुत्र्याला हाक मारल्यावर तो जसा उठतो, तसा. पाहिलं तुझ्याकडे आणि वाजवलं. यापेक्षा जास्त काही सांगण्यासारखं नाही.

संध्याकाळी सामानाच्या ट्रकपाशी ती बाई आली. मला नीट ऐकू यावं म्हणून अगदी कानाशी येऊन म्हणाली, "माझ्या गाडीत तुमच्या गाण्यांशिवाय दुसरं काही वाजत नव्हतं." आणि माझ्या बुटांशेजारी थुंकली. बुटांवर नाही, शेजारी. तेवढीही किंमत दिली नाही.

तुमच्या गावचा कार्यक्रम शेवटचा होता, पण तिकिटं खपली म्हणून मॅनेजरनं आणखी एक गाव वाढवलं. मी गेलो. हो, त्यानंतरही गेलो. दुपारी पुन्हा खुर्च्या, पुन्हा माईक. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "घण कसा आहे?" डरकाळ्यानं अस्वलाची गोष्ट सुरू केली आणि मी त्याच्या हातातला माईक काढून घेतला. शौर्यबिर्य काही नव्हतं. अस्वल मला सहन झालं नाही, एवढंच.

मी म्हटलं, "घणाला पक्षाघात झालाय. सहा वर्षं झाली. एक शब्द बोलतो. त्याची बायको त्याला भरवते, धुते, उचलते. मागच्या गावात आम्ही ऐकवला तो आवाज मशीनचा होता. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मलाही."

तुला वाटेल लोक हळहळले. नाही गं. आधी शिट्ट्या, मग एक बाटली आली आणि माझ्या खांद्याला लागली. तो पोटरीवाला तिथंही आला होता. तो किंचाळला, "तुला खरं कुणी विचारलं होतं? मी सुट्टी टाकून आलोय!" रडत होता. त्याची कीव यायला हवी होती. मला त्याची शिसारी आली, मग लक्षात आलं की त्याला हे व्यसन आम्हीच लावलं.

खोलीत आल्यावर डरकाळ्यानं केसांची पट्टी काढली, मांडीवर ठेवली. ओरडला नाही. म्हणाला, "त्यांना सगळं माहीत असतं रे. ते खोटं विचारतात, आपण खोटं सांगतो. चाळीस वर्षं खाल्लंस ना त्याच ताटात? आता कुठून आला एवढा सोवळा?" मला काढून टाकलंय. माझ्या जागी एकजण आलाही. माझ्यापेक्षा चांगला वाजवतो म्हणे.

मी सध्या एका गॅरेजच्या माडीवर राहतोय. ताई, मी घरी येऊ का?

धाकटा

१४ जून

धाकट्या,

तुमचे चाहते आता इथं येतात. तू खरं बोललास त्याचं हे फळ. खिडकीशी उभे राहतात, फोटो काढतात, फुलं ठेवतात, फुलं कुजतात, ती मी उचलते. एकजण बराच वेळ उभा राहून म्हणाला, "काकू, घणाची एखादी वस्तू मिळेल का, आठवण म्हणून?" मी कालची चादर दिली. म्हटलं, धुऊन आण. गेला तो गेलाच. चादरही गेली. क्रेनवाली मात्र रविवारी येते. काही विचारत नाही, काही नेत नाही. खुर्चीचं चाक कुरकुरत होतं ते तिनं बसवून दिलं, चहा घेतला आणि गेली.

हे त्या दिवसानंतर आठवडाभर जेवले नाहीत. मी बोलले की आधी माझ्या ओठांकडे बघायचे, हलतात की नाही ते. आता खातात. "चल" म्हणणं मात्र बंद झालंय. परत येईल, असं व्यायाम शिकवणारी म्हणते. मला तशी खात्री नाही.

तू माईक ओढून घेतलास, बरं केलंस. पण त्याचं कौतुक माझ्याकडून होणार नाही. एक दुपार उशिरा केलंस. आमच्या घरात त्या एका दुपारची किंमत काय झाली ते तुला वर लिहिलंच आहे. माफी मागायला येणार असशील तर तिकडेच गॅरेजवाल्याकडे माग. माझी ऐकायची तयारी नाही आणि ह्यांना ती कळणार नाही.

गिटार आणू नकोस. रेडिओ लावायचा नाही. भिंतीला लागून एक पलंग बसेल, चादर तुझी तू आण. गिऱ्हाइकं वासानं दारातच थांबतात, तुला आत यावं लागेल.

मला अजून तुझी किळस येते. बरेच दिवस येत राहील. पण किळस येईल अशा गोष्टी मी रोज सकाळी हातानं उचलते आणि मग त्याच हातांनी चहा करते, त्याचं काही एवढं वाटत नाही आता. तेव्हा ये.

निघायच्या आधी फक्त एवढं कळव, वाकून माणूस उचलता येईल इतकी तुझी कंबर धड आहे का?

ताई